इंजिनचं हेड पुन्हा बसवतोय. टॉर्क पाना एकच पुरेल की दोन घ्यावेत?

पाना_दहा_अकरा

नमस्कार मंडळी. चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, हेड अॅल्युमिनियमचं, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). हेड गॅस्केट गेलं म्हणून हेड उतरवलं, प्लेनिंग करून (तळ सपाट करून) आणलं, व्हॉल्व्ह स्वतः घासून बसवले. काल अडलो.

माझ्याकडे अर्धा इंची चौकाचा (सॉकेट बसतं ते चौकोनी टोक), ठरवलेला टॉर्क म्हणजे पिळाचा जोर लागला की टक् वाजणारा टॉर्क पाना आहे, २८ ते २१० एनएमचा (न्यूटन-मीटर). ओळखीतून आलेला, त्यामुळे आधी तो कसा वापरला गेला, कुणास ठाऊक. मॅन्युअलप्रमाणे नवे हेड बोल्ट आधी ३० एनएम, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश असे आवळले. ते नीट झालं असं वाटलं. मग कॅम कॅपचे, म्हणजे कॅमशाफ्ट दाबून धरणाऱ्या कॅपचे, बोल्ट घेतले. एम ६ चे (६ मिलिमीटर जाडीचे), १० एनएम. पान्याची मूठ २८ च्या खाली फिरत होती, म्हणून अंदाजाने फिरवून १० च्या आसपास आणली. पहिल्या तीन बोल्टना टक् आलाच नाही, मीच हाताच्या अंदाजाने थांबलो. चौथ्याला टक् ची वाट पाहत राहिलो. बोल्ट आधी जड लागत होता, मग एकदम मऊ लागला आणि तुटला. अर्धा बोल्ट हेडमध्येच आहे.

आता नवा पाना घ्यायचाच आहे. बीम (वाकणारी दांडी आणि काटा असलेला), टक् वाला, डिजिटल, काय घेऊ? १० ते २०० सगळं करणारा एकच मिळतो का? आणि हेड बोल्ट याच पान्याने आवळलेत, ते सोडून पुन्हा करावे लागतील का? रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

वर्तुळ_नव्वद

डिजिटल घ्या आणि मोकळे व्हा. आतल्या जायरोमुळे (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरमुळे) अंशही मोजून देतो, वेगळं अँगल गेज लावायला नको. टॉर्क जवळ आला की थरथरतो, आवाज करतो, दिवा लागतो. मी तीन वर्षं एकच वापरतोय, हेड बोल्टपासून चाकांच्या नटांपर्यंत.

काळं_तेल

वर्तुळ, अंश मोजण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण 'एकच घ्या' हे मला पटत नाही, आणि या बोल्टचं जे झालं त्याचं कारण तेच आहे.

दहा अकरा, आधी तुमच्या इंजिनमध्ये कुठला बोल्ट किती मागतो ते कागदावर काढा. कॅम कॅप, टायमिंग कव्हर, ऑइल पंप, सम्पचे (खालच्या तेलाच्या टाकीचे) छोटे बोल्ट बहुतेक ८ ते १२ एनएममध्ये. स्पार्क प्लग, मॅनिफोल्ड, एम ८ चे बाकीचे साधारण १५ ते ३० मध्ये. फ्लायव्हील, क्रँक पुली हे मोठे गडी. आता मोजा, संख्येने जास्त कुठे आहेत? खालीच. आणि खालचे बहुतेक अॅल्युमिनियममध्ये जातात, तिथे चूक झाली तर बोल्ट तरी तुटतो नाहीतर आटे तरी निघून येतात.

टॉर्क पान्याची खात्री त्याच्या पट्ट्यापुरतीच, म्हणजे किमान ते कमाल आकड्यापुरतीच असते. आयएसओ ६७८९ या मानकात टक् वाल्या पान्याची कमाल १० एनएमच्या वर असेल तर अधिक-उणे ४ टक्के आणि १० पर्यंतच असेल तर ६ टक्के एवढी चूक चालते, पण तीसुद्धा पान्यावर लिहिलेल्या पट्ट्यातच. २८ च्या खाली मूठ फिरते, पण तिथे आतल्या स्प्रिंगवर पुरेसा दाबच उरत नाही. पाना टक् करेल, न करेल, काहीही करेल. तुम्ही ज्याची वाट पाहत थांबलात ते कधी येणारच नव्हतं. बोल्ट मऊ लागला तेव्हा तो ताणून लांबायला लागला होता. हाताला ती जाणीव एकदा झाली की पुन्हा विसरत नाही.

म्हणून माझं ठाम मत: आधी लहान पाना घ्या. पाव इंची चौकाचा, ५ ते २५ एनएमचा. त्यानंतर ३/८ इंची, २० ते १०० चा. इंजिनचं बहुतेक काम या दोघांत संपतं. तुमचा अर्धा इंची पुलीसाठी आणि चाकांसाठी राहू दे, तपासून.

डिजिटल घेताना एक गोष्ट नक्की वाचा. चूक 'वाचलेल्या आकड्याच्या' टक्क्यांत दिलीय की 'पूर्ण पट्ट्याच्या' टक्क्यांत? २०० एनएमचा पाना पूर्ण पट्ट्याच्या २ टक्के म्हणत असेल तर ती कुठेही ४ एनएम झाली. १०० ला चालेल. १० ला? आणि पडद्यावर दशांश चिन्हानंतरचा आकडा दिसतो म्हणून पाना तितका अचूक आहे असं मानू नका, तो फक्त तितकं बारीक दाखवतो.

आता हेड बोल्टचं, कारण झोप त्यामुळेच गेलीय. तुमची पद्धत टॉर्क अधिक अंशाची आहे. टॉर्क लावताना बहुतेक जोर घर्षणात जातो. ढोबळ हिशोब असा की निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, चाळीस टक्के आट्यांत, आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला. घर्षण थोडं बदललं की तोच टॉर्क वेगळा ताण देतो. म्हणूनच इंजिन बनवणारे हेड बोल्टला ३० एनएमवर नुसते 'बसवतात' आणि पुढचा ताण अंशांनी देतात, कारण १८० अंश फिरवलं की आट्याच्या अंतराप्रमाणे बोल्ट ओढला जातोच, घर्षण काहीही असो. पहिल्या टप्प्यात तुमचा पाना तीन-चार एनएम चुकला असेल तरी शेवटच्या ताणात फरक काही अंशांइतकाच. सगळे बोल्ट एकाच पान्याने, मधून बाहेर जाणाऱ्या क्रमाने आणि अंश नीट मोजून आवळले असतील, तर मी तरी सोडणार नाही. असे ताणले जाणारे बोल्ट सोडले की बहुतेक वेळा नवेच घ्यावे लागतात.

तरीही तुमचा अर्धा इंची तपासाच. पान्याचा चौक बेंच व्हाइसमध्ये पकडा, दांडी आडवी. मुठीच्या मधोमध वजन टांगा. टॉर्क म्हणजे वजन किलोत, गुणिले ९.८१, गुणिले चौकापासूनचं अंतर मीटरमध्ये. त्यात पान्याचं स्वतःचं वजन मिळवायला विसरू नका: पाना बोटावर तोला, तोल चौकापासून किती लांब येतो ते पाहा, आणि त्याचाही तसाच गुणाकार करा. वजन हळू सोडा, झटका बसला की लवकर टक् होतो. आणि त्याआधी मधल्या आकड्यावर पाच-सहा वेळा टक् करून घ्या, म्हणजे आतलं ग्रीस पसरतं.

ही तपासणी प्रयोगशाळेच्या तोडीची नव्हे. त्यासाठी वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा टक् झाल्यावर कॅलिब्रेशन (प्रमाणित यंत्रावर तपासून जुळवणं), हा नियम पाळावा. पण पाना बिघडलेला आहे का, हे घरी कळतं.

सरळ_दांडी

बीमवाल्याची बाजू कुणी घेतली नाही, म्हणून लिहितोय. माझा बीमचा पाना पंचवीस वर्षांचा आहे. त्यात स्प्रिंग नाही, मूठ सैल करून ठेवायची आठवण नाही. एक वाकणारी दांडी आणि एक काटा. काटा शून्यावर नसेल तर अलगद वाकवून शून्यावर आणायचा, झालं. दोन गोष्टी सांभाळा: काट्याकडे बरोबर वरून पाहा, तिरकं पाहिलं की आकडा बदलतो, आणि मूठ खिळीवर डोलणारी असेल तर ती डोलती ठेवूनच ओढा, टोकं दांडीला टेकू देऊ नका. अडचण एवढीच की इंजिन गाडीतच असेल तर काटा दिसेल अशी मान नेता येत नाही.

आणि तेलाबद्दल कुणी बोललं नाही. मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांचा टॉर्क दिला असेल आणि तुम्ही बोल्ट तेलात बुडवून लावलात, तर घर्षण कमी, तोच आकडा येईपर्यंत बोल्ट खूप जास्त ताणला जातो. उलटही तितकंच खरं: तेल लावा म्हटलं असेल तर लावाच, डोक्याखालीसुद्धा. पण बंद भोकात तेल साचू देऊ नका. माझ्या हातून एकदा ब्लॉकच्या भोकात तेल राहिलं होतं. तेल दाबलं जात नाही, बोल्टला खाली जायला जागा नाही, आणि ब्लॉकला भोकापासून केसाएवढी चीर गेली. पान्याने टक् बरोबर केला होता. आजही हेड बसवताना मी प्रत्येक भोकात कापडाची वात घालून ती कोरडी बाहेर येईपर्यंत थांबतो.

पाना_दहा_अकरा

दोन दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. पान्याची तपासणी केली. पाण्याचा कॅन भरून वजनकाट्यावर बरोबर १० किलो केला, मुठीच्या मध्यावर, चौकापासून ४२ सेंटिमीटरवर टांगला: ४१.२ एनएम. पाना दीड किलोचा, तोल २० सेंटिमीटरवर: २.९. एकूण ४४.१. पाना ४२ ला लावला, टक् झाला. ठीक. ४७ ला लावला, व्हायला नको होता, पण झाला. ४९ लाही झाला. ५१ ला गप्प राहिला. प्रत्येक आकडा तीनदा केला, फरक नाही.

म्हणजे पाना पन्नास सांगतो आणि चव्वेचाळीस देतो, असंच ना? ज्यांनी दिला त्यांना विचारलं. म्हणाले, चाकांच्या नटांसाठी ११० वर लावलेला होता आणि तसाच दोन-तीन वर्षं खोक्यात पडून होता.

तुटलेला बोल्ट अजून आत आहे, वर चार मिलिमीटर दिसतोय. आणि लहान पाना पाव इंची, ५ ते २५ चा, टक् वालाच घेतला.

काळं_तेल

हो, बारा टक्के कमी. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत राहून बसली. काम झाल्यावर टक् वाला पाना पट्ट्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. त्याच्याही खाली सैल सोडायचा नाही, आतले भाग जागचे हलतात. तुमचा कॅलिब्रेशनला पाठवा, स्प्रिंग फार थकली नसेल तर जुळवून देतात. हेड बोल्ट पहिल्या टप्प्यात ३० ऐवजी साधारण २६ वर बसले, त्याला मी घाबरणार नाही. मात्र आता याच पान्याने पुली आवळू नका.

चार मिलिमीटर वर आहे म्हणजे नशीब चांगलं. डोकं तुटलं की ताण गेला, उरलेला बहुतेक वेळा सैलच असतो. कॅप काढा, भेदक तेल सोडा, थोडा वेळ जाऊ द्या, मग लॉकिंग प्लायरने पकडून अगदी हळू, मागे-पुढे. एक्सट्रॅक्टर (तुटलेल्या बोल्टला भोक पाडून त्यात घालायचं हत्यार) लगेच घालू नका, तो आत तुटला तर ड्रिललाही दाद देत नाही.

नवे कॅप बोल्ट लावताना थेट १० वर जाऊ नका. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला खालून ढकलत असतात, म्हणून सगळ्या कॅप हाताने टेकवा, मग प्रत्येक बोल्ट अर्धा-अर्धा फेरा, मॅन्युअलच्या क्रमाने. कॅप खाली सपाट बसल्या की ५ वर एक फेरी, मग १० वर. टक् आला की थांबा. खात्रीसाठी दुसरा टक् घ्यायचा मोह होतो, तो बोल्टला आणखी थोडा फिरवतो. आधी ज्या तीन बोल्टना अंदाजाने आवळलंत तेही बदला, ते किती ताणले गेलेत ते बाहेरून दिसणार नाही.

पाना_दहा_अकरा

बोल्ट निघाला! प्लायरने, पाऊण तासात. आटे शाबूत आहेत, नवा बोल्ट बोटांनी तळापर्यंत गेला. ते तीनही काढले; नव्याशेजारी ठेवून पाहिले तर एक जवळजवळ एक मिलिमीटर लांब भरला. नवे आठ मागवलेत. भोकांत कापडाची वात घालून पाहिली, दोन ओली आली, म्हणून पुन्हा पुसतोय.