थंडरबर्डमध्ये मेल येतात पण जात नाहीत, आणि आयमॅप घेऊ की पॉप?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, घरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड (मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम) टाकलंय. दोन अकाउंट आहेत, एक जीमेल आणि एक स्वतःच्या डोमेनवरचं, आणि ब्राउझरमध्ये सारखं या टॅबवरून त्या टॅबवर जायचा कंटाळा आला म्हणून हा खटाटोप. डोमेनवालं आधी जोडलं, होस्टिंगवाल्यांकडून आलेली माहिती हाताने भरली, मेल धडाधड यायला लागले पण पाठवायला गेलं की "रिलेइंग डिनाइड" असा मेसेज येतो आणि मेल तिथेच अडकतो. पासवर्ड बरोबर आहे, त्याच पासवर्डवर मेल येतायत ना. दुसरं म्हणजे मेल आणायच्या दोन पद्धतींपैकी आत्ता आयमॅप निवडलंय, त्यात मेल सर्व्हरवरच राहतात, पण ओळखीतल्या एकाने सांगितलं पॉप घे, सगळं आपल्या कॉम्प्युटरवर राहतं. मी तेच मेल फोनवरही बघते आणि जुन्या मेलमध्ये घराची बरीच कागदपत्रं आहेत, ती कुठूनही गायब झालेली मला चालणार नाहीत. काय करू? जीमेल अजून जोडलं नाहीये, हे सुटल्याशिवाय हात लावायची भीती वाटते.

बाराखडी:
आधी पाठवायचं बघू. मेल आणणारा सर्व्हर वेगळा आणि पाठवणारा वेगळा, पाठवणाऱ्याला एसएमटीपी म्हणतात, आणि त्याची सेटिंग्ज पण वेगळ्या जागी असतात. त्यामुळे मेल येतात म्हणजे पाठवण्याचं लॉगिन पण बरोबर आहे असं होत नाही. "रिलेइंग डिनाइड" म्हणजे सर्व्हरपर्यंत तुम्ही पोचलाय पण तुम्ही कोण ते त्याला कळलं नाही, म्हणून तो तुमचा मेल पुढे न्यायला नाही म्हणतोय. इंटरनेट कंपनीने पोर्ट (सर्व्हरचा क्रमांक दिलेला दरवाजा) अडवला असता तर हा मेसेज आलाच नसता, बराच वेळ थांबून टाइमआउट आला असता, म्हणून मी तरी आधी लॉगिनच बघेन.

अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीत अगदी तळाला आउटगोइंग सर्व्हर आहे, तिथे आपला सर्व्हर निवडून एडिट करा. ऑथेंटिकेशनपुढे बहुतेक "नो ऑथेंटिकेशन" असेल, ते "नॉर्मल पासवर्ड" करा, आणि युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता टाका, @ च्या आधीचा तुकडा नको (काही होस्टिंगवाले वेगळं युजरनेम देतात, तसं लिहून दिलं असेल तर तेच). मग पोर्ट. ४६५ असेल तर सिक्युरिटी एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस (दोन्ही कनेक्शन एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धती), ही जोडी जुळलीच पाहिजे. २५ दिसला तर बदलाच, तो मुळात सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचा, आणि घरगुती कनेक्शनवर बऱ्याच ठिकाणी स्पॅममुळे बंद असतो. "नॉर्मल पासवर्ड" या नावाला घाबरू नका, कनेक्शन एन्क्रिप्टेड असलं की पासवर्ड उघडा जात नाही.

जुनाटपाल:
पॉपला सगळे उगाच नावं ठेवतात. मेल आपल्या डिस्कवर उतरतो, नेट नसलं तरी वाचता येतो, सर्व्हरवरची जागा भरत नाही. माझा सगळा जुना संग्रह पॉपवरच आहे. फक्त सर्व्हर सेटिंग्जमध्ये "लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर" वर खूण हवी, आणि त्याच्याच खाली "जास्तीत जास्त इतके दिवस" असा रकाना असतो त्याची खूण काढा, नाहीतर तेवढे दिवस झाले की सर्व्हरवरून मेल जातात आणि माणूस फोनवर शोधत बसतो.

रेघोटी:
एकच मशीन असेल तर पॉप ठीक आहे हो, पण ताई फोनवरही मेल बघतायत. पॉपमध्ये वाचलेलं-न वाचलेलं दोन्हीकडे जुळत नाही, कॉम्प्युटरवरून पाठवलेला मेल फोनच्या सेंटमध्ये सहसा दिसत नाही, आणि पॉप इनबॉक्सच आणतं, सर्व्हरवर केलेले बाकीचे फोल्डर नाही. नेट नसताना वाचायचं तर आयमॅपमध्येही जमतं, थंडरबर्ड मेलची प्रत डिस्कवर ठेवतं. त्यामुळे आयमॅपच राहू द्या.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ही प्रत म्हणजे बॅकअप नाही. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर असतो, फोनवर डिलीट केलात की कॉम्प्युटरवरूनही जाणार. कागदपत्रांचे मेल जपायचेत ना, मग थंडरबर्डमध्ये लोकल फोल्डर्स आहे त्यात एक फोल्डर करा, मेल निवडा, राइट क्लिक करून "कॉपी टू" ने तिथे टाका. माउसने ओढू नका, ओढलं की मेल तिकडे हलतो, म्हणजे सर्व्हरवरून आणि फोनवरून जातो. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर (तुमचे मेल आणि सेटिंग्ज ज्यात असतात ते) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ते कुठे आहे ते हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये सापडतं. कॉम्प्युटर बदलला तरी तेच फोल्डर कामाला येतं.

निळीशाई:
बाराखडी, तुम्ही म्हणालात तसंच होतं!! नो ऑथेंटिकेशन आणि पोर्ट २५. आता ४६५ केलं आणि मेल गेला. आयमॅपच ठेवतेय आणि कागदपत्रांचे मेल कॉपी करायला घेतलेत. आता जीमेल, तिथे पण हे सगळं हाताने भरायचं का? आणि ॲप पासवर्ड लागतो म्हणतात तो काय प्रकार?

बाराखडी:
नाही, जीमेलचे सर्व्हर थंडरबर्डला माहीत आहेत, पत्ता टाकला की आपोआप भरतं. ऑथेंटिकेशन ओऑथ२ (प्रोग्रामला पासवर्ड न देता परवानगी द्यायची पद्धत) ठेवा, गुगलची लॉगिनची खिडकी उघडेल तिथे साइन इन करून परवानगी द्या. पासवर्ड थंडरबर्डमध्ये साठत नाही, त्याला फक्त एक टोकन, म्हणजे परवानगीची चिठ्ठी, मिळतं, आणि ते गुगल अकाउंटमधून कधीही रद्द करता येतं. खिडकी पुढेच सरकली नाही तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कुकीज चालू आहेत का बघा. १६ अक्षरी ॲप पासवर्ड ज्या जुन्या प्रोग्रामना ओऑथ२ येत नाही त्यांच्यासाठी, आणि त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू असावं लागतं. तुम्हाला गरज नाही.

रेघोटी:
आणि जीमेल जोडल्या जोडल्या "ऑल मेल" चं बघा. जीमेलमध्ये लेबलं असतात, थंडरबर्ड ती फोल्डर म्हणून दाखवतं, त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्ये पण आणि ऑल मेलमध्ये पण, आणि दोन्हीकडे डाउनलोड होतो. अकाउंटवर राइट क्लिक, सबस्क्राइब, तिथे ऑल मेलची खूण काढा. मेल कुठे जात नाहीत, फक्त यादीत दिसत नाहीत. वर्षानुवर्षांचे मेल असतील तर पहिल्यांदा उतरायला वेळ लागेल, रात्री चालू ठेवून झोपा.