मदत हवी आहे: डिशचा सिग्नल रोज चार मिनिटं आधी पडतो

मंडळी, डोकं चक्रावलंय. सी-बँडची (सुमारे ४ गिगाहर्ट्झ) २.४ मीटरची स्थिर डिश एका जुन्या भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहावर लावली आहे. दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने, सिग्नल ५-६ डेसिबलनी खाली येतो आणि आपोआप सावरतो.

उन्हाने एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) तापत असेल म्हणावं, तर रात्री का पडतो? पावसाचा सी-बँडवर फारसा परिणाम होत नाही. सन आउटेज (सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येऊन सिग्नल बुडणं) असता तर विषुवदिनाच्या आसपास काही दिवस आणि तोही काही मिनिटंच. माउंट घट्ट आहे, कनेक्टर बदलून झाले. नोंदी ठेवल्यावर दिसलं की ही वेळ रोज चार मिनिटं अलीकडे येते. दुपारी चारला पडणारा सिग्नल महिन्याभरात दोनला पडायला लागला! हा काय प्रकार आहे? आणि मोठी डिश घेतली तर सुटेल का?

प्रतिसाद १:
चार मिनिटांतच उत्तर आहे. भूस्थिर उपग्रह प्रदक्षिणा घालतो २३ तास ५६ मिनिटांत, २४ तासांत नाही. म्हणजे दोष तुमच्या डिशमध्ये नाही, उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी कलली आहे, म्हणून तो दर फेरीत एकदा उत्तरेला आणि एकदा दक्षिणेला सरकतो. सूर्य-चंद्राच्या ओढीने हा कल वर्षाला साधारण ०.८५ अंशाने वाढतो. तो रोखायला दरसाल सुमारे ५० मीटर प्रतिसेकंद वेगबदलाइतकं इंधन जाळावं लागतं. पूर्व-पश्चिम दुरुस्तीचा खर्च त्यापुढे किरकोळ. म्हणून इंधन संपत आलं की उत्तर-दक्षिण दुरुस्ती सोडून देतात आणि फक्त रेखांश सांभाळतात. ट्रान्सपाँडर (सिग्नल परत पाठवणारी यंत्रणा) ठणठणीत असतात, मग उपग्रह निवृत्त कशाला करायचा? (शेवटी वरच्या कक्षेत ढकलून द्यायला लागेल तेवढं इंधन मात्र राखून ठेवतात.) तुमची डिश मधोमध रोखलेली दिसते, म्हणून उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही टोकांना सिग्नल पडतो.

मोठी डिश अजिबात घेऊ नका. ४ गिगाहर्ट्झला तुमच्या डिशचा झोत (ती जेवढ्या कोनातला सिग्नल नीट पकडते तो) सुमारे २.२ अंश रुंद आहे. उपग्रह दीड अंश बाजूला गेला की तुम्ही म्हणता तेवढाच सिग्नल जातो. ३.७ मीटरचा झोत जेमतेम १.४ अंश. मोठ्या डिशचा जास्तीचा गेन (सिग्नलची वाढ) धरूनही टोकाला तोटाच.

प्रतिसाद २:
सहमत. त्या उपग्रहाचं ताजं टीएलई (कक्षेच्या आकड्यांच्या दोन ओळी) काढून कलाचा आकडा बघा, शंका मिटेल. पोलर माउंटची (एका उपग्रहावरून दुसऱ्यावर डिश वळवणाऱ्या स्टँडची) मोटर इथे कामाची नाही, ती डिश भूस्थिर उपग्रहांच्या कमानीवरून पूर्व-पश्चिम फिरवते. उपग्रह तुमच्याच रेखांशाच्या आसपास असेल तर बहुतेक हालचाल उंचीकोनात (क्षितिजापासून वर-खाली) होते, तेव्हा तिथे डिश मोटरने हलवणारा एकच अ‍ॅक्चुएटर पुरेल.

धागाकर्ता:
टीएलई बघितलं, कल १.६ अंश! दोघांचेही आभार. उपग्रह जवळजवळ माझ्याच रेखांशावर आहे, तर उंचीकोनाला अ‍ॅक्चुएटर लावतो. आता तो सिग्नलची पातळी बघत स्टेप-ट्रॅकिंगने हलवावा, की टीएलईवरून वेळापत्रक काढून? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.