बेलीझमधली नोकरी: पगार पुरेल का? तातडीने मदत हवी आहे

मुक्ता_आर: नवऱ्याला बेलीझला (मध्य अमेरिका) नोकरी मिळतेय. पगार चार हजार डॉलर महिना. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय. दोन मुलांसह भागेल का? शाळा कुठल्या भाषेत? नेटवर नुसते रिसॉर्ट दिसतात. प्लीज लवकर सांगा.

खारावारा: गाव कुठलं? आणि कुठले डॉलर? तिथला स्वतःचा डॉलर आहे. दोन बेलीझ डॉलरला एक अमेरिकन, दर बांधलेला. म्हणजे तुमचे चार हजार कदाचित अमेरिकन दोनच हजार असतील.

भटका_पुणे: आजपासून स्पॅनिश शिका. मी शेजारच्या ग्वाटेमालात राहिलोय, त्याशिवाय भाजीसुद्धा घेता येत नाही.

खारावारा: ग्वाटेमाला वेगळा हो. बेलीझ १९८१पर्यंत ब्रिटिशांकडे होता. कारभार, शाळा इंग्रजीत, बोलायला क्रिओल, म्हणजे इंग्रजीवरून झालेली तिथली बोली.

भटका_पुणे: क्रिओल बोलतात ते बेलीझ सिटीत. उत्तरेला कोरोझाल, ऑरेंज वॉककडे मेस्टिझो (स्पॅनिश-माया मिश्र वंशाची) वस्ती, घरोघरी स्पॅनिशच.

इतिहासप्रेमी: ग्वाटेमाला बेलीझच्या निम्म्या भूभागावर हक्क सांगतो, मूळ वाद ब्रिटनशी झालेल्या १८५९च्या सीमा कराराचा. खटला हेगच्या न्यायालयात गेलाय. शिवाय एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज दक्षिणेच्या टोलेडो भागात आजही आहेत.

मुक्ता_आर: साखर कारखाना आहे. ऑरेंज वॉक. पत्रात फक्त 'डॉलर' लिहिलंय.

बॉयलर_सांगली: ताई, हे आधी सांगायचं ना! देशातला बहुतेक ऊस त्याच पट्ट्यात. गळीत साधारण डिसेंबर ते जून. ऊस उत्पादक आणि कारखान्याची बोलणी अडली की हंगाम लांबतो, आपल्याकडे दरावरून होतं तसंच. करार वर्षाचा की हंगामापुरता? ऑफ सीझनला पूर्ण पगार का? हे लेखी घ्या.

सागरवेडी: गेलात तर प्रवाळ नक्की बघा! १९९६पासून जागतिक वारसा आहे. तेल काढायलाही समुद्रात बंदी केलीय त्यांनी.

खारावारा: पर्यटनाचा धागा वेगळा काढा की. मुक्ताताई, जवळच शिपयार्ड नावाची मेनोनाइट (शेती करणारा एक ख्रिस्ती पंथ) लोकांची वसाहत आहे. देशातलं कोंबडी, अंडी, दूध बहुतेक या लोकांकडूनच येतं. डबाबंद माल मात्र बाहेरून येतो, महाग पडतो. घर कोण देणार?

मुक्ता_आर: घराचं काहीच लिहिलेलं नाही. डॉलर, घर, ऑफ सीझन, तिन्ही विचारून आत्ताच मेल टाकलाय.

भटका_पुणे: मुलांना स्पॅनिश लावाच.