ग्रब म्हणतंय 'अननोन फाइलसिस्टम', अर्जंट मदत हवी आहे

खोळंबा: ग्रब (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) इन्स्टॉल करतोय तर नुसतं 'अननोन फाइलसिस्टम' येतंय. पार्टिशन साधं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) आहे, परत परत फॉरमॅट करून पाहिलं, तेच. सोमवारी मशीन लागणारे, कोणीतरी लवकर सांगा.

कट्ट्यावरचा: डिस्ट्रो? व्हर्जन? बायोस की यूईएफआय? आम्हाला काय स्वप्न पडणार?

खोळंबा: डेबियन. एसएसडी कोरी आहे.

मालवणी_मासा: विंडोजच्या यूएसबीने बूट करा नि बूटरेक फिक्सएमबीआर मारा. माझा पाच मिनिटात झाला होता.

खोळंबा: विंडोज नाहीये हो.

मालवणी_मासा: बरं, पुढेमागे टाकलंत तर उपयोगी पडेल.

सुमनताई: एफएससीके (फाइलसिस्टम तपासणारं टूल) चालव आधी, आणि केबल बदलून बघ. भाच्याच्या पीसीला असंच होत होतं, शेवटी केबलच निघाली.

खोळंबा: एफएससीके क्लीन आहे ताई. माउंट होतं, फाइली सगळ्या दिसतात. फक्त ग्रबलाच दिसत नाही.

टर्मिनलवाला: मग डिस्क, केबल सगळं विसरा. डेबियन कितवं, फॉरमॅट कशातून केलंत, आणि सिस्टिम त्यावर आली कशी?

खोळंबा: ११. जुन्या हार्डडिस्कवरून आरसिंकने कॉपी केली. मित्राचा आर्च लिनक्सचा पेनड्राइव्ह होता, त्यातून बूट करून फॉरमॅट, मग सीएचरूट करून (कॉपी केलेल्या डेबियनच्या आत शिरून) ग्रब. त्याचा काय संबंध?

टर्मिनलवाला: सगळा संबंध तिथेच आहे. आर्चमध्ये ई२एफएसप्रॉग्स, म्हणजे ईएक्सटी४ बनवायची टूल्स, नवीन. १.४७.० पासून, म्हणजे २०२३ पासून, ईएक्सटी४ बनवताना मेटाडेटा_सीसम_सीड आणि ऑर्फन_फाइल ही दोन फीचर्स आपोआप चालू होतात. ग्रब कर्नलचा ड्रायव्हर वापरत नाही, त्याचा स्वतःचा छोटा रीडर असतो, आणि ओळखीचं नसलेलं इनकम्पॅट (कळत नसेल तर वाचूच नये असं) फीचर दिसलं की तो अख्ख्या पार्टिशनलाच ओळख देत नाही. डेबियन ११ चं ग्रब २.०६ मेटाडेटा_सीसम_सीडवर अडतं. परत फॉरमॅट करून काय होणार, त्याच पेनड्राइव्हने करताय ना.
पार्टिशन अनमाउंट करून ही दोन्ही फीचर्स बंद करा: ट्यून२एफएस -ओ ^मेटाडेटा_सीसम_सीड,^ऑर्फन_फाइल आणि पुढे पार्टिशनचं नाव (फोनवर आहे, इंग्रजीत तुम्हीच टाइप करा, ओ कॅपिटल). मग ई२एफएससीके -एफ.

बटरएफएस_भक्त: या भानगडीच नकोत म्हणून मी बीटीआरएफएस ही दुसरी फाइलसिस्टम वापरतो. स्नॅपशॉट घ्या, झोपा.

कट्ट्यावरचा: आणि उद्या ग्रबला तुमचं एखादं नवीन कॉम्प्रेशन कळलं नाही की मग उठा. बूटचं पार्टिशन वेगळं ठेवा, ईएक्सटी२, पाचशे एमबी, विषय संपला.

बटरएफएस_भक्त: २००५ सालचा सल्ला.

कट्ट्यावरचा: चालतोय ना अजून.

खोळंबा: भांडणं नंतर करा. ट्यून२एफएसच आता वेगळी एरर देतंय, ऑप्शनच चुकीचा म्हणतंय.

टर्मिनलवाला: सीएचरूटच्या आतून चालवलंत ना? आतलं ट्यून२एफएस डेबियन ११ चं, त्याला ऑर्फन_फाइल हे नावच माहीत नाही. बाहेर या, अनमाउंट करा, आर्चचं वापरा.

सुमनताई: पण ऑर्फन_फाइल का काढायची? ग्रब तर त्यावर अडत नाही ना?

टर्मिनलवाला: बरोबर, ग्रब नाही अडत. पण बूट होताना डेबियन ११ चं एफएससीके 'फीचर_सी१२' (म्हणजे ऑर्फन_फाइलच) ओळखत नाही म्हणून अडून बसेल. एकदमच काढलेलं बरं.

मालवणी_मासा: डेबियन ११ कशाक ठेवलात पण? १२ टाका.

खोळंबा: ऑफिसचं एक सॉफ्टवेअर ११ वरच चालतं, नाहीतर हौस नाहीये. बरं, ग्रब इन्स्टॉल झालं, 'नो एरर रिपोर्टेड' आलं, बूट पण झालं. कर्नल अपडेट आला की परत असं होईल का?

टर्मिनलवाला: नाही. बंद केलेली फीचर्स आपोआप चालू होत नाहीत. पुढच्या वेळी फॉरमॅट मात्र डेबियनच्याच यूएसबीतून करा.

मालवणी_मासा: एसएसडी कितीक पडली?