राजाचं राहू द्या, आधी वेस्टमिन्स्टरला लगाम घाला

लीथकर (एडिनबरा): ब्रिटनचा विषय निघाला की सगळे राजावर घसरतात. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाची मान्यता शेवटची नाकारली गेली १७०८ मध्ये, राणी ॲनच्या काळात! लगाम नाही तो लंडनच्या संसदेला, म्हणजे वेस्टमिन्स्टरला. स्कॉटलंडने १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्क्यांनी स्वतःची संसद मागून घेतली. पण २०१८ मध्ये ब्रेक्झिटच्या विधेयकाला तिने संमती नाकारली, तरी लंडनने ते रेटून नेलंच. स्कॉटलंडच्या विषयात संमतीशिवाय हात घालायचा नाही हा नुसता पाळायचा संकेत, न्यायालयात टिकत नाही. ब्रिटनचं संघराज्य करणारी एकसंध लेखी राज्यघटना हवी.

सदाशिवपेठी: लेखी घटना आपल्याकडे आहे की. आंध्रच्या विधानसभेने २०१४ मध्ये तेलंगणाचं विधेयक फेटाळलं. पुढच्याच महिन्यात दिल्लीने मंजूर केलं. कलम ३ नुसार राज्याचं मत फक्त विचारायचं असतं. स्पेनचीही घटना लेखीच, पण तिथल्या कॅटलोनिया प्रांताने २०१७ मध्ये स्वातंत्र्यासाठी मतदान घेतलं तर नेते तुरुंगात गेले. तुमच्या स्कॉटलंडला मात्र २०१४ मध्ये स्वातंत्र्यावर रीतसर सार्वमत मिळालं. ५५ विरुद्ध ४५ ने हरलात, हा भाग वेगळा.

लीथकर: मिळालं ते तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून राजी झाले म्हणून. (भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांनाही त्यात मत होतं, हे पुण्यात फारसं कुणाला माहीत नसतं.) नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लंडनच्या परवानगीशिवाय पुन्हा सार्वमत नाही. मेहरबानीला हक्क म्हणू नका.

मीनल: राजाला इतक्या सहज सोडू नका हो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधान जॉन्सन यांना पाच आठवडे संसद बंद ठेवायची होती. त्यांची माणसं राणीच्या बाल्मोरलच्या वाड्यावर गेली, राणीने मान्यता दिली, झालं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं. नाही म्हणायची सोय नसेल तर विचारायचं नाटक कशाला? शिवाय राजघराण्याच्या हितसंबंधांना धक्का लागणारी विधेयकं आधी राजाकडे संमतीला जातात, ते कुठल्या लोकशाहीत बसतं?

लीथकर: मान्य, पण ती चाल पंतप्रधानाची होती. राजाच्या नावाचे अधिकार वापरतो तोच. राजा हटवलात आणि अधिकार तसेच ठेवलेत तर उपयोग काय?

थेम्सकाठी: संघराज्य म्हणायला ठीक, पण एकट्या इंग्लंडमध्ये देशाची सुमारे ८४ टक्के लोकसंख्या. असा एक घटक असल्यावर समतोल साधणार कसा? इंग्लंडचे तुकडे करावेत, तर ईशान्य इंग्लंडने २००४ मध्ये प्रादेशिक विधानसभा ७८ टक्क्यांनी नाकारली. लोकांनाच नको असलेलं त्यांच्या गळ्यात मारायचं का?

लीथकर: म्हणून तर वरच्या सभागृहापासून सुरुवात करा. माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या आयोगाने २०२२ मध्ये हेच सुचवलं: लॉर्ड्स हे वरचं सभागृह मोडा, घटक राष्ट्रांची आणि प्रदेशांची निवडून आलेली सभा आणा.

सदाशिवपेठी: १९९९ मध्ये त्या सभागृहात ९२ वंशपरंपरागत लॉर्ड 'तूर्तास' ठेवले होते. पाव शतकानंतरही त्या जागा होत्याच. तुमची सभा कधी भरायची ते कळवा.