बाह्यरुग्ण म्हणजे 'बाहेरचं'?

पळसफूल: न्यूयॉर्कच्या 'केंड्राज लॉ'वरचा लेख मराठीत करतेय. जानेवारी 1999 मध्ये औषधं सुटलेल्या एका मनोरुग्णाने केंड्रा वेबडेलला मेट्रोसमोर ढकललं. त्याच वर्षी कायदा आला: माणूस घरीच, उपचार मात्र कोर्टाच्या आदेशाने. त्याला इंग्रजीत 'असिस्टेड आउटपेशंट ट्रीटमेंट' म्हणतात, मी 'सहाय्यित बाह्यरुग्ण उपचार' लिहिलं. दारव्ह्याकडे आमच्या गावच्या बचत गटात वाचलं, तर एक काकू म्हणाल्या, "बाहेरचं झालं त्याचा इलाज आता कोर्ट करते काय वं?" इकडे बाहेरचं म्हणजे बाधा. दुसरा शब्द सुचवा.

तालुकावकील: आधी 'सहाय्यित' काढा. हुकूम आहे तो, मदत कसली? 'सक्तीचा उपचार' लिहा.

पळसफूल: पण त्या आदेशाने जबरदस्तीने सुई टोचता येत नाही. आदेश मोडला तर तपासणीसाठी दवाखान्यात 72 तासांपर्यंत ठेवू शकतात. 'सक्ती' वाचून लोकांना दोरीने बांधलेला माणूस दिसेल.

अक्षरवेल: सक्ती फारसी 'सख्त'वरून आलाय. 'न्यायादिष्ट उपचार' करा, शुद्ध आहे.

तालुकावकील: माझ्या एकाही पक्षकाराला कळणार नाही. त्यांना पेशी, तारीख, हुकूम कळतं. आजोबा सक्ती 'शक्ती'वरून आलाय सांगत, पण ते चूक; फारसीच आहे. बाकी आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात असा घरबसल्या उपचाराचा आदेश नाहीच. दंडाधिकारी फार तर तपासणीसाठी 10 दिवसांपर्यंत भरती करायला सांगू शकतो.

अक्षरवेल: 'दाखल' म्हणा. भरती पोलिसांची होते.

पूर्णाकाठ: आमच्याकडे दवाखान्यात भरतीच होते. माझ्या भावाला नागपूरला नेलं तेव्हा खिडकीवर मी "भरती करायचं आहे" म्हटलं, तर तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर माझी भाषा सुधारली. भाऊ ओरडत होता आणि मी शब्द शोधत होतो. आठ वर्षं झाली, अजून विसरलो नाही. आता तो घरीच असतो, महिन्याला जाऊन येतो. 'बाह्यरुग्ण' आमच्या घरी कोणी म्हणत नाही. आई म्हणते, "त्याच्या गोळ्या सुरू आहेत." गावाला तेवढ्यात सगळं समजते.

अक्षरवेल: वाईट वाटलं वाचून. तरी 'दाखल'च बरोबर.

तालुकावकील: दाखलही अरबीच आहे! मग भरतीवरच राग का?

अक्षरवेल: रुळलेला आहे म्हणून.

पूर्णाकाठ: भरतीही रुळलेलाच आहे. वाशीमपासून गोंदियापर्यंत कुठल्याही सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा.