मदत हवी आहे: आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) टेस्टिंगमधून डिझाइनकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन चार वर्षं झाली आणि चारही वर्षं मी आरएफ अ‍ॅम्प्लिफायरच्या टेस्ट बेंचवर आहे. व्हीएनए (सिग्नल किती पुढे जातो आणि किती परत येतो ते मोजणारं उपकरण) कॅलिब्रेट करायचा, बोर्ड जोडायचा, रिटर्न लॉस (परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) बसत नसेल तर ०.५ पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.७ चा लावायचा. हात चांगला बसलाय, मायक्रोस्कोपखाली ०४०२ मापाचे इवलेसे घटक पटापट बदलते. पण माझ्याकडे येतो तो तयार बोर्ड. सर्किट दुसरंच कोणीतरी काढतं आणि मला तेच करायचं आहे.

मागच्या महिन्यात डिझाइनच्या जागेसाठी मुलाखत दिली. तिथे अलीकडचीच एक गोष्ट सांगितली. धातूच्या डबीतला आमचा एक लो नॉइज अ‍ॅम्प्लिफायर उघडा असताना अगदी नीट चालायचा. झाकणाचे स्क्रू आवळले, की स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर ४.४ गिगाहर्ट्झपाशी एक टोक उभं राहायचं, इनपुटला काहीही दिलेलं नसताना! दोन दिवस झटून झाकणाला आतून अ‍ॅब्सॉर्बरची पट्टी चिकटवली, तेव्हा कुठे ते गेलं. समोरच्यांनी एवढंच विचारलं, "४.४च का?" मला सांगता आलं नाही. ते फार मनाला लागलंय.

माझी बेंचवरची वर्षं डिझाइनसाठी धरली जातील का? की आधी पदव्युत्तर शिक्षण घ्यावंच लागेल? सिम्युलेशनचं महागडं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
डबीची आतली मापं किती?

धागाकर्ती
६० बाय ४० मिमी, उंची १०.

प्रतिसाद १
धातूची बंद डबी ही स्वतःच एक कॅव्हिटी (ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमणारी पोकळी) असते. १/६० चा वर्ग आणि १/४० चा वर्ग यांची बेरीज करा, वर्गमूळ काढून १५० ने गुणा. उत्तर गिगाहर्ट्झमध्ये येईल. आत बोर्डाचं डायइलेक्ट्रिक (विद्युतरोधक पदार्थ) असल्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा खाली सरकतो. त्या फ्रिक्वेन्सीला आउटपुटची ऊर्जा डबीतून इनपुटकडे परत येते आणि अ‍ॅम्प्लिफायरला तिथेही गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) असला की ऑसिलेशन (इनपुटशिवाय आपोआप सिग्नल तयार होणं) सुरू. अ‍ॅब्सॉर्बर ती ऊर्जा खातो.

तुमची वर्षं नक्की धरली जातील, कारण अशी भुतं ज्याने बेंचवर पाहिली आहेत त्याचं लेआउट वेगळंच असतं. फक्त प्रत्येक दुरुस्तीमागचं 'का' वहीत लिहायला लागा. तो ०.७ चा कपॅसिटर ज्या व्हियातून (बोर्डाचे थर जोडणाऱ्या धातूच्या छिद्रातून) ग्राउंडला जातो, त्याचा इंडक्टन्स ढोबळ १ नॅनोहेन्री धरा. २.४ गिगाहर्ट्झला तोच १५ ओहम होतो! मॅचिंग करताना तो हिशेबात घेता का? पदव्युत्तर शिक्षणाने इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पाया पक्का होतो, जमलं तर जरूर करा, पण त्यासाठी थांबू नका. ओपनईएमएस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एक साधा फिल्टर काढा, बोर्ड बनवून घ्या, मोजा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवून मुलाखतीला न्या. ते जुळले नाहीत तरी न्या, का जुळले नाहीत ते सांगता आलं म्हणजे झालं.

धागाकर्ती
४.५१ आलं! खूप खूप आभार. आमच्याकडे दुसऱ्या मॉडेलची डबी ८० बाय ३० ची आहे, तिचं उत्तर ५.३ येतंय. उद्या तो आकडा आधी वहीत लिहिते आणि मगच झाकण लावते.